आडवी बाटली

बालमित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे. दारूची. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, म्हणजे पुढचं नीट ऐकता येईल.

माझा जन्म भट्टीतला. वाळू, सोडा आणि चुना एकत्र वितळवून त्याचा लाल गोळा करतात आणि साच्यात फुंकतात. त्याच भट्टीत, त्याच वाळूची औषधाची बाटलीही होते, लोणच्याची बरणीही होते. कोणाच्या पोटात काय भरायचं, हे आम्हाला विचारून ठरत नाही. माझ्या पोटात व्हिस्की भरली. परदेशातली, जुनी, महागाची. गळ्याशी सोनेरी पट्टी आली आणि बाहेर मखमल लावलेला खोका. नागपूरच्या एका दुकानातून मला चारुदत्त साहेबांनी उचललं आणि गाडीच्या मागच्या सीटवर उशीला टेकवून घरी आणलं. त्याच सीटवर त्यांच्या बायकोची, सुहासिनीबाईंची दळणाची पिशवी होती. ती खाली ठेवावी लागली.

चारुदत्त साहेब पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. पांढरकवड्याच्या पुढे, हैदराबादच्या हायवेला लागून असलेल्या गावात त्यांनी मोठं घर बांधलं. त्यांचा फोनवर एक ग्रुप होता. नाव 'आचमन'. दर शनिवारी दिवेलागणीला यवतमाळचे कमलाकर वकील त्यावर विचारायचे, "आज काय?" मग जो तो आपल्या बाटलीचा फोटो टाकायचा. लेबल सरळ हवं, ग्लास अर्धा हवा, मागे भिंत स्वच्छ हवी. खाली चव लिहायची. माझ्याबद्दल साहेबांनी लिहिलं, "आधी मध, मग धूर, शेवटी पावसात भिजलेली माती." महागावचे इंद्रजित शेठ म्हणाले, "वा, जिभेवर शेत पिकतंय तुझ्या!"

मी ती दारू महिनोन्‌महिने पोटात वागवली आहे. मला त्यात माती कधी सापडली नाही. पण माझं कौतुक होत होतं, म्हणून मी गप्प बसले. कौतुक होत असताना कोण बोलतं?

फोटोत माझ्या शेजारी एक बशी असायची. तिच्यात कांदा, भाजलेले शेंगदाणे, कधी गरम भजी. बशी सुहासिनीबाई आणून ठेवायच्या. एकदा फोटोत त्यांचा हात आला, दोन हिरव्या बांगड्यांसकट. साहेबांनी फोटो टाकण्याआधी तेवढा हात कापून टाकला. बशी ठेवली.

पुढे मी रिकामी झाले. रिकामी झाल्यावरही साहेबांनी मला काचेच्या कपाटात पहिल्या ओळीत उभं केलं. रोज माझ्यावरून फडकं फिरायचं. मग नव्या बाटल्या आल्या आणि मी दुसऱ्या ओळीत गेले. मग तिसऱ्या. शेवटी स्वयंपाकघराच्या ओट्याखाली, रॉकेलच्या जुन्या डब्याशेजारी. माझी सोनेरी पट्टी निघाली, गळ्याला तेलाचा थर चढला. जगाची रीत आहे, मी त्यावर रडत बसणार नाही.

ओट्याखालून मला मथुराबाईंनी काढलं.

मथुराबाई त्या घरी भांडी घासायच्या. गावातच राहायच्या. त्यांचा मुलगा उकंडा पांढरकवड्याला ट्रकच्या टायरच्या दुकानात कामाला. हात सोन्यासारखा, पण संध्याकाळी फाट्यावर उतरला की घरी यायच्या रस्त्यात देशी दारूचं दुकान लागायचं. पोळ्यापासून त्याने सोडली होती. सोडली होती म्हणजे रोज त्या दुकानासमोरून दात आवळून चालत होता. आईला एकदा म्हणाला, "मा, ते दुकान रस्त्यात नसतं न, तं म्या कवाच सुधरलो असतो."

मथुराबाईंनी ते वाक्य गाठीला बांधलं. चार बायका जमवल्या, सह्या-अंगठे गोळा केले, तहसीलला खेटे घातले आणि दुकान बंद करण्यासाठी बायकांचं मतदान मागून आणलं. या मतदानात चिन्हं दोनच असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद करा. आणि त्यात एक मेख आहे. यादीत जेवढ्या बायका आहेत, त्यातल्या अर्ध्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला पाहिजे. जी घरी बसली, ती उभ्या बाटलीच्या बाजूने उभी राहिली असंच धरायचं.

"बाई, एक बाटली द्या न," मथुराबाई सुहासिनीबाईंना म्हणाल्या. "मोठी, काचेची, दिसाले चांगली."

"कशाला हो? तुमच्या गल्लीत बाटल्यांना काय तोटा?"

"त्या बारक्या हायेत. दुरून दिसत नाही. अन् बाया उलटंच समजून राह्यल्या."

खरंच उलटं समजत होत्या. मी स्वतः ऐकलं. संध्याकाळी मारुतीच्या पारावर बायका जमल्या तेव्हा मथुराबाईंनी मला पिशवीतून काढून मधोमध उभं केलं, मग आडवं केलं. म्हणाल्या, "हे आडवी. हिच्यावर ठप्पा मारायचा."

तांड्यावरच्या भुरीबाई उठल्या. सत्तरीच्या, कमरेत वाकलेल्या, पण आवाज खणखणीत.

"काहून मारू आडवीवर? उभी बाटली म्हंजे भरेल बाटली. मायावाला नवरा घरी आणे तवा उभीच ठेवे. आडवी कवा होये? पेल्यावर. बाटली बी आडवी अन् तो बी आडवा! आडवी पाह्यली का मले मार आठवते. मी तं उभीवरच मारन."

बायका हसल्या, पण माना डोलवल्या. चार-पाच जणी म्हणाल्या, "बराबर हाये भुरीबाईचं."

मित्रांनो, चिन्ह ठरवणारा कोणीतरी खुर्चीत बसून ठरवून गेला. ज्या बायकांनी आडव्या बाटल्या रोज आपल्या अंगणातून उचलल्या, त्यांना ते चित्र कसं दिसेल, हे त्याने विचारलं नाही. मथुराबाई त्या रात्री जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुहासिनीबाईंना हे सांगितलं. बाईंनी थोडा विचार केला आणि कोरा चहा गाळून माझ्या पोटात भरला. रंग अगदी साहेबांच्या शनिवारसारखा. "बूच काढून आडवी करा," त्या म्हणाल्या. "सांडू द्या."

पारावर तसंच केलं. मथुराबाईंनी मला उभं धरलं. "हे उभी. भरेल हाये. रोज पेईन तुयावाला नवरा." मग बूच काढलं आणि मला आडवं केलं. भकभक करत सगळं मातीत गेलं. "आता पे म्हना! काय पेईन? माती?"

भुरीबाई खाली वाकून त्या ओल्या मातीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "असं सांग न मंग. सांडाची हाये. पुन्हा करून दाखव."

पुन्हा केलं. त्या आठवड्यात मी किती वेळा सांडले, ते विचारू नका. गल्लीत, तांड्यावर, कापूस वेचणाऱ्या बायकांच्या शेतात. कपाटात उभी होते तेव्हा माझ्याकडे लोक बघायचे. आता बायका काही समजून घ्यायला माझ्याकडे बघत होत्या. दोन्हींतला फरक मला तेव्हा कळला.

मतदानाचा दिवस आला. त्या दिवशी परिसरातली दारूची दुकानं बंद. पण साहेबांची दारू गावातल्या दुकानातून येतच नव्हती. त्यांनी 'आचमन'वर लिहिलं, "आमच्या गावात आज कोरडा दिवस. बैठक माझ्याकडे." कमलाकर वकील आणि इंद्रजित शेठ जेवायलाच आले. टेबलावर नवीकोरी बाटली उभी राहिली.

सुहासिनीबाईंचं नावही यादीत होतं. दुपारी मथुराबाई दारात आल्या. मी त्यांच्या पिशवीत होते.

"बाई, चला न. आता रांग नाही."

बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "व्हा पुढे, आलेच."

साहेब आतून ओरडले, "जा ना गं, जाऊन ये. मी कुठे अडवलंय?" आणि त्याच श्वासात म्हणाले, "तेवढा एक भज्यांचा घाणा काढून जा."

मित्रांनो, या माणसाला मी वाईट म्हणणार नाही. तो कधी हात उचलत नसे, शिवी देत नसे. तो फक्त एक घाणा मागत असे. एक संपला की दुसरा.

मथुराबाई गल्लीभर फिरल्या. म्हाताऱ्यांना हाताला धरून शाळेतल्या मतदान केंद्रात पोचवलं, शेतातल्या बायकांना बोलावून आणलं. भुरीबाई शिक्का मारून बाहेर आल्या आणि भर रस्त्यात म्हणाल्या, "सांडून आली मी!" उन्हं कलली तेव्हा मथुराबाई पुन्हा साहेबांच्या दारात उभ्या राहिल्या.

"मथुराबाई, पिशवीत काय आहे?" साहेबांनी विचारलं आणि माझी मान दिसताच उठून आले. "अरे, ही तर माझी! कमलाकर, बघ. मध, धूर, माती!"

कमलाकर वकिलांनी मला घेतलं, नव्या बाटलीशेजारी टेबलावर आडवं टाकलं आणि फोटो काढला. "आज काय? आज आडवी!" असं लिहून ग्रुपवर टाकला. तिघंही खोखो हसले. इंद्रजित शेठ म्हणाले, "मथुराबाई, आम्हाला बी ठप्पा मारू द्या की!"

"तुमाले मत नाही, शेठ," मथुराबाई म्हणाल्या. "तुमी खा भजी."

आत कढईत तेल तडतडत होतं. "बाई?" मथुराबाईंनी हाक मारली.

"आले, आले. हा शेवटचा."

मथुराबाईंनी मला टेबलावरून उचललं, पिशवीत घातलं आणि निघाल्या. शाळेच्या फाटकापाशी थांबून राहिल्या. फाटक ठरल्या वेळेला बंद झालं. त्यानंतर सुहासिनीबाई धावत आल्या. पदर खोचलेला, बोटांना बेसन.

फाटकावरचा शिपाई म्हणाला, "टाइम संपला ताई."

"अहो, मी इथेच राहते. दोन मिनिटं—"

"संपला ताई."

मतं मोजली. आडवीवर ढीग पडला होता. उभीवर चिमूटभर. तरी उभी जिंकली, कारण अर्धी यादी भरली नाही. थोडक्यात राहिली. ज्या घरी बसल्या, त्यांनी दुकान वाचवलं. दुकानवाल्याने संध्याकाळी फटाके लावले. उकंडा फाट्यावरून घरी येताना त्या फटाक्यांच्या धुरातून आला. सरळ आला. आईजवळ बसला.

दुसऱ्या दिवशी मथुराबाई कामाला गेल्या नाहीत. दुपारी सुहासिनीबाईच त्यांच्या अंगणात आल्या. मथुराबाई तूर पाखडत होत्या. सूप थांबवलं नाही. वर न बघताच विचारलं,

"भजी झाली का, बाई?"

सुहासिनीबाई खाली मातीतच बसल्या. मग म्हणाल्या, "पुन्हा कधी मागता येईल मतदान?"

"लगेच नाही देत म्हंते. थांबा लागन."

"आणि उकंडा?"

"त्याचं काय? रोज सांजच्याला फाट्यावर जाऊन उभी राहीन. हाताले धरून आणीन. एवढा मोठा घोडा, मायच्या हाताले धरून येईन. लोकं हासन तं हासन." मग सूप खाली ठेवलं. "दुकान तं रोज तिथंच हाये, बाई. दोन वक्ताची भांडी बी हायेत मायाजवळ. रोज कसं जमन, ते मले बी माहीत नाही."

"शनिवारी मी येते," सुहासिनीबाई म्हणाल्या.

मथुराबाई पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "शनिवारी? तुमच्या घरी तं शनिवारी..."

"म्हणूनच."

शनिवारी दिवेलागणीला दोघी फाट्यावर उभ्या होत्या. मी पिशवीत. मथुराबाई मला आता कुठेही नेतात, वाटेत एखादी नवीन बाई भेटली तर सांडून दाखवायला. सुहासिनीबाईंचा फोन वाजला. साहेबांचा आवाज पिशवीपर्यंत येत होता.

"अगं, कुठे आहेस? कमलाकरने विचारलंसुद्धा, आज काय. चखना?"

"मी फाट्यावर आहे. शेंगदाणे डब्यात आहेत. कांदा टोपलीत."

"आणि भजी?"

"बेसन वरच्या फळीवर. तेल जपून तापवा, हात भाजेल."

ऑटोतून उकंडा उतरला. दोघींना बघून चमकला. "काकू, तुमी कायले?"

"वाटेत दुकान आहे, म्हणून," बाई म्हणाल्या.

तिघं चालू लागली. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला सुहासिनीबाई. दुकानाच्या बाकावरून कोणीतरी हाक मारली, "उकंड्या, ये न बे! दोन दोन बॉडीगार्ड घेऊन चालला का?" उकंडा थांबला. त्याने तिकडे पाहिलं. मथुराबाईंनी त्याचा हात इतका घट्ट धरला की पिशवी हिसकली आणि मी त्यांच्या गुडघ्यावर आदळले.

मग तो पुढे निघाला. त्या दिवशी तो पुढे गेला. उद्याचं मी सांगत नाही, मला माहीत नाही.

साहेबांनी त्या शनिवारी फोटो टाकला. बाटली, अर्धा ग्लास, स्वच्छ भिंत. बशी नव्हती. कमलाकर वकिलांनी विचारलं, "चखना कुठे?" हे सगळं सुहासिनीबाईंनी नंतर हसत सांगितलं.

पिशवीत नसते तेव्हा मी मथुराबाईंच्या फळीवर असते. आडवी. घरंगळू नये म्हणून दोन्ही बाजूंना दोन दगड लावले आहेत. पुढचं मतदान आलं की पुन्हा गल्लोगल्ली सांडेन.

मित्रांनो, मला पुसा, मला जपा, असं सांगायला मी ही गोष्ट सांगितली नाही. मी काच आहे, फुटले तर वितळवून दुसरी बाटली होईल. माझं मागणं वेगळं आहे. तुम्ही लहान आहात, तुम्हाला मत नाही. पण गावात मतदान असेल आणि त्या दिवशी तुमच्या घरात कोणी कढईपुढे अडकलेलं दिसलं, तर उठा. गॅसचं बटण तुमच्या हाताला पोचतं. ते बंद करा आणि त्यांना म्हणा, जा.

घाणा कच्चा राहील. राहू द्या.