स्टॅनची खुर्ची

"लिंबू जाड कापलंस, प्रोफेसर," एमेट म्हणाला. "स्टॅन काय सरबत करणार आहे?"

मी दुसरी चकती पातळ कापली. मी प्रोफेसर नाही. गावच्या वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारत निवृत्त झालो. सैन्यातही टंकलेखकच होतो, त्यामुळे माजी सैनिकांच्या या सभागृहात मला नेहमी पाहुण्यासारखं वाटतं. लिंबू कापायला मिळालं की तेवढंच बरं वाटतं.

दर नोव्हेंबरात, माजी सैनिकांच्या दिवशी, दुपारच्या जेवणाआधी एमेट दाराजवळ एक छोटं टेबल मांडतो. पांढरं कापड, एक लाल गुलाब, बशीत लिंबाची चकती आणि चिमूटभर मीठ, पालथा ग्लास, रिकामी खुर्ची. जे परत आले नाहीत त्यांच्यासाठी. त्या खुर्चीला कोणी हातही लावत नाही.

एमेटच्या लेखी ती खुर्ची धाकट्या भावाची, स्टॅनची. तो व्हिएतनामच्या जंगलात हरवला. देह सापडला नाही, त्याला शेवटचं पाहिलेलं कोणीही भेटलं नाही. एमेट जन्मभर गावातल्या विहिरींचे पंप दुरुस्त करत राहिला. एकदा माझ्याकडचा पंप उघडून बसला असताना, मान वर न करता म्हणाला होता, "मेला तो मेला. तेव्हा जवळ कोणी होतं का, एवढंच कळायला हवं होतं."

यंदा बैठकीत कोणीतरी म्हणालं, जेवणाला अग्निशमन दलाला आणि अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांनाही बोलावू. एमेट भडकला. "बंबवाल्यांचा इथे काय संबंध? झाडावर अडकलेली मांजरं उतरवतात, म्हणून आमच्या पंगतीला?" तो मतदानात हरला. बाहेर आल्यावर त्याने मला विचारलं, "तू हात कुठल्या बाजूने वर केलास?"

"दोन्ही वेळा अर्धाच," मी म्हणालो.

"वाटलंच."

तर आज सगळे आले होते. खुर्च्या कमी पडल्या, पोरं भिंतीला टेकून जेवत होती. एमेट दाराजवळच्या त्या छोट्या टेबलाकडे पाठ करून बसला होता, ताटातलं हॅम नुसतंच कापत.

तेवढ्यात दार उघडून डोरीन टॅकेट आत आली. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते आणि हाक आली की अ‍ॅम्ब्युलन्सवर जाते. अंगावर अ‍ॅम्ब्युलन्सचंच जाकीट, विजारीच्या दोन्ही गुडघ्यांवर रस्त्याची खडी चिकटलेली. तिने इकडेतिकडे पाहिलंच नाही. समोर दिसली त्या खुर्चीवर बसली. स्टॅनच्या.

सगळ्यांचं जेवण थांबलं. भिंतीजवळचा एक पोरगा पुटपुटला, "काकू, तिथे नाही, तिथे नाही..."

एमेट उठला. मीही उठलो, का, ते मला सांगता येणार नाही. त्याला अडवायची माझ्यात ताकद नव्हती. नुसता त्याच्यामागे जाऊन उभा राहिलो.

"ए बाई," तो म्हणाला.

डोरीनने वर पाहिलं. मग गुलाब पाहिला, बशी पाहिली. "अरे देवा! एमेट, मी..." तिने टेबलाला हात टेकून उठायचा प्रयत्न केला, पण पुन्हा खाली बसली. "उठते. एक मिनिट दे."

एमेटची नजर तिच्या गुडघ्यांवर होती. "कुठून आलीस?"

"पुलाजवळून. ट्रक उलटला."

"चालवणारा?"

तिने नकारार्थी मान हलवली. "बाहेर काढायला वेळ लागला. पोरच होतं रे. आईचं नाव सांगत होता."

"कुणाला सांगत होता?"

"मला. मी खिडकीतून आत हात घालून त्याचा हात धरला होता."

"शेवटपर्यंत?"

"हो. सोडला नाही."

एमेटने हात पुढे केला आणि पालथा ग्लास सुलटा केला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "पाणी आण, प्रोफेसर. आणि हिचं ताट वाढ. बटाटे जास्त घाल."

मी पाण्याचा जग आणला. ओतताना थोडं पाणी कापडावर सांडलं. डोरीन घटाघटा अर्धं पाणी प्यायली आणि तिने नकळतच बशीतली लिंबाची चकती उरलेल्यात पिळली. मी डोळे मिटले.

"झालं शेवटी सरबत," एमेट म्हणाला. "जेव. कोणी काही म्हणणार नाही तुला."

तो तिच्यासमोर उभाच राहिला, तिचं जेवण होईपर्यंत. बाकीचेही हळूहळू पुन्हा जेवू लागले.

दुपार कलली, सगळे घरी गेले. मी ताटं गोळा करत दारापर्यंत आलो. छोट्या टेबलावर उष्टं ताट होतं, रिकामा ग्लास होता. खुर्ची मागे सरकलेली, थोडी तिरकी.

"सरळ लावू का?" मी विचारलं.

एमेट टोपी हातात घेऊन खुर्चीकडे बघत होता. इतकी वर्षं ती टेबलाला चिकटून सरळ उभी असायची. आज मात्र कोणीतरी पोटभर जेवून, नुकतंच उठून बाहेर गेल्यासारखी दिसत होती.

"राहू दे," तो म्हणाला आणि त्याने दिवा मालवला.