डाव्या हाताचा खेळ

दुकानदाराने काउंटरवर तीन फिरक्या मांडल्या आणि विचारलं, "बोल, कोणती घेतेस? का माझीच फिरकी घ्यायला आली आहेस?"

एरवी ती हसली असती. आज तिने मुकाट्याने पहिली उचलली. वर बाकदार आकडा, खाली पितळेचा जड गोळा. मासे पकडायला नकली माश्या बांधणाऱ्यांचं हे हत्यार. गळावर मेण लावलेल्या दोऱ्याचा फास सोडायचा, फासात सशाचे केस पसरायचे, खालच्या टोकाला फिरकी अडकवून ती गरकन फिरवायची. केस दोऱ्यात पिळले जातात, ती केसाळ दोरी गळाभोवती गुंडाळली की माशीचं अंग तयार. सांगायला सोपं आहे. करायला बसलं की घाम फुटतो.

"ही जडवाली झोकात फिरते, पण दोरा तोडते," दुकानदार म्हणाला. "ही दोन पायांची. फास उघडा धरते, केस भरायला बरी. आणि ही बेअरिंगची, नुसतं बोट लावलं तरी फिरत राहते. पण पोरी, खरं सांगू? तुझ्या बाबांचा उजवा हातच गेलाय. फिरकी बिचारी काय करणार? संध्याकाळी मी त्यांचं माश्या बांधायचं सगळं सामान न्यायला येतोय. त्यांनीच बोलावलंय मला."

"संध्याकाळीच या, काका. तिन्ही द्या. ज्या नको असतील त्या तेव्हा परत न्या."

अर्धांगाचा झटका आल्यापासून वडिलांचा उजवा हात मांडीवर पडून असायचा, पाहुणा विसरून गेलेल्या पिशवीसारखा. बाकी ते चालत होते, बोलत होते, आईवर खेकसतही होते, म्हणजे तब्येत सुधारत होती म्हणायला हरकत नव्हती. फक्त डाव्या हाताने एक माशी धड होईना. माशी बांधणं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा खेळ, असं ज्यांनी जन्मभर मिरवलं त्यांच्यावर नेमका डावा हात उलटला होता. काल त्यांनी दुकानदाराला फोन केला आणि फोन ठेवून आईला म्हणाले, "हे सामान गेलं की मी मोकळा. मग कधीही बोलावणं येऊ दे." आईच्या घशाखाली तेव्हापासून घास उतरला नव्हता.

ती घरी आली तेव्हा वडील टेबलाशीच होते. टेबलाच्या कडेला कसलेल्या छोट्या व्हाइसमध्ये गळ पकडलेला होता.

"आणलीस खेळणी?"

"करून तर बघा, बाबा."

या टेबलाशी ती शाळेत असल्यापासून बसली नव्हती. तेव्हा तिच्या फासातून दर खेपेला केस सुटायचे, नाहीतर दोरा तुटायचा. एक दिवस वडिलांनी तिच्या हातातून फिरकी काढून घेतली होती. "ऊठ, डावखुरे. तुझ्या हाताला वळणच नाही." पुढे ती शिवणकामाकडे वळली आणि त्यात तिचं चांगलं चाललं. पण ते वाक्य ती विसरली नव्हती, आणि एवढ्याशा गोष्टीचा एवढा डंख राहावा याची तिला लाजही वाटायची.

फास तिने करून दिला. तेवढी मदत त्यांनी चालवून घेतली. केस मात्र स्वतः पसरले, जड फिरकी अडकवली, चुटकी वाजवावी तशी फिरवली. गोळा भिरभिरला आणि दोरा ताडकन तुटला. फिरकी लादीवर आपटून कोपऱ्यात गेली. दारात चहाचा कप घेऊन उभी असलेली आई दचकली.

दुसऱ्या फिरकीने दोरा टिकला, पण केस हळूहळू निसटून टेबलावर सांडले. वडिलांनी ते तळहाताने झाडून टाकले. कपाळावरची शीर दिसू लागली होती.

तिसरी बेअरिंगची. ती आवाज न करता फिरली. दोरी जमली, चांगली गुबगुबीत. आई दोन पावलं आत आली. वडिलांनी दोरी गळावर गुंडाळायला घेतली. एक वेढा, दुसरा वेढा, आणि तिसऱ्याला ती सैल पडली, केस फुलून गळाले, मागोमाग दोरा तुटला.

त्यांनी फिरकी अलगद खाली ठेवली. "झालं समाधान?"

ओरडले असते तर बरं वाटलं असतं. तिने दोऱ्याचं तुटकं टोक उचललं. टोक कुंचल्यासारखं पिंजलं होतं.

असं टोक ती रोज बघायची. डाव्या हाताने टीप घालताना दोरा असाच पिंजायचा, म्हणून चार टाके झाले की सुई बोटांत उलटी वळवायची तिला सवयच लागली होती. दोऱ्याला स्वतःचा पीळ असतो. त्याच्याविरुद्ध फिरवलं की तो आधी आपलाच पीळ सोडतो, मग कसले केस धरणार? उजव्या हाताची चुटकी फिरकीला एका बाजूने फिरवते, डाव्या हाताची दुसऱ्या.

म्हणजे फिरकीचा दोष नव्हता. बाबांच्या हाताचाही नव्हता.

आणि शाळेत असताना तिच्या हाताचाही नव्हता. हे कळलं आणि तिला इतका संताप आला की एक अक्षर न बोलता उठून जावं, दुकानदाराला खुशाल सामान नेऊ द्यावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात बेल वाजली.

आई दाराकडे गेली नाही. ती लेकीकडे बघत राहिली.

"बाबा, आणखी एकदा."

"पुरे आता. दार उघडा."

"उलटी फिरवा. चुटकी नको, बोटाने स्वतःकडे ओढा."

"मला शिकवतेस?"

"हो," ती म्हणाली. "या एका गोष्टीत तुम्ही माझ्याकडून शिका."

बेल पुन्हा वाजली. आईने दार उघडलं, पण दुकानदाराला बोटानेच गप्प केलं. तो उंबऱ्यातच थबकला. तिने नवा फास करून दिला. वडिलांनी केस पसरले, बेअरिंगची फिरकी अडकवली आणि तर्जनीने ती नुसती ओढली. दोरा आवळत गेला. गळावर पहिला वेढा बसला, मग दुसरा, तिसरा. केस ताठ उभे राहिले. शेवटच्या वेढ्यापर्यंत एकही सुटला नाही.

आईने पदराने डोळे टिपले. वडील मात्र माशीकडे बघत नव्हते. ते लेकीच्या डाव्या हाताकडे बघत होते.

"तुझे केस असेच सुटायचे."

"हो."

"दर खेपेला?"

"दर खेपेला."

दुकानदार खाकरला. "मग सामान..."

"त्या दोन फिरक्या घेऊन जा," वडील म्हणाले. "एक कोपऱ्यात पडलीय, ती बघ."

मग त्यांनी व्हाइसचा स्क्रू सैल केला. एका हाताने ते अवघड होतं, पण ती पुढे झाली तेव्हा त्यांनी मानेनेच नको म्हटलं. गळाचं तोंड आजवर होतं त्याच्या बरोबर उलट दिशेला येईल असा व्हाइस त्यांनी फिरवला आणि पुन्हा कसला.

"तुला हा कायम उलटाच लावून दिला मी," ते म्हणाले. "खुर्ची ओढ. बस."

ती बसली. डोळ्यांत पाणी आल्यामुळे गळ नीट दिसत नव्हता, तरी तिने फिरकीसाठी हात पुढे केला, डावाच.