चोपणाऱ्याची पहिली चढाई

मी एक जुनं चोपणं आहे, आणि मित्रांनो, माझा स्वभाव मत्सरी आहे हे आधीच सांगून टाकतो. तुमच्यापैकी अनेकांनी मला पाहिलंही नसेल. हातभर लांबीची जाड फळी आणि तिला तिरका दांडा, एवढाच माझा देह. ओली माती माझ्या फळीनं बडवली, की ती घट्ट आणि गुळगुळीत बसते.

किहीमजवळच्या आमच्या गावात चांगदेव सुतारानं मला बाभळीच्या बुंध्यातून घडवलं. तेव्हा मी मिठागरात कामाला होतो. तिथली जमीन नीट चोपली नाही, तर मीठ मातकट निघतं. पुढे मिठागर बंद पडलं आणि तिथं राबणाऱ्या नीराबाईनं मला घरी आणलं.

तिच्याकडे आल्यावर माझे खरे सुखाचे दिवस सुरू झाले. पाऊस सरला, की देवळापुढचं कबड्डीचं मैदान नव्यानं करायचं असे. पुरुष माती टाकून पाणी मारत आणि बाया ओळीनं बसून चोपत. मग आजूबाजूच्या गावांचे संघ येत. पाहुण्यांना तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण मिळे. खेळाडू पाय ठेवताच विचारत, मैदान कुणी चोपलंय? त्या एका प्रश्नासाठी मी वर्षभर थांबायचो.

आमच्या गावाची एक रीत होती. ज्यानं मैदान चोपलं, त्याची पहिली चढाई. पण चोपायच्या बाया, त्यामुळे ती रीत नावालाच उरली होती. बाया एकमेकींना ढकलत, पदरात तोंड लपवून हसत आणि मागे सरत. नीराबाई तर दर वर्षी रेषेपर्यंत जाई आणि तिथूनच परत फिरे. एके वर्षी तिच्यासोबत चोपायला बसलेली तिची लेक प्राप्ती मात्र ओढणी कमरेला बांधून खरोखरच आत शिरली. गावातला सगळ्यांत तरबेज गडी दादू. त्याला शिवून ती रेषेवर परत आली, तेव्हा हसणाऱ्यांनीच टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून ती खेळतच राहिली.

आणि मग, मित्रांनो, ते शहर आलं. समुद्रापलीकडचं ते शहर, त्याचं नाव मी घेणार नाही. आशियातल्या साऱ्या देशांचे खेळ तिथं भरणार होते आणि प्राप्ती भारताच्या संघात होती. नीराबाईच्या टीव्हीच्या टेबलाचा एक पाय मोडला होता. त्याखाली तिनं मला सरकवलं. म्हणजे त्या शहराचं सगळं कौतुक मला डोक्यावर घेऊन ऐकावं लागलं. म्हणे रस्ते धुतले, म्हणे कमानी उभारल्या, म्हणे पाहुण्यांसाठी नवी घरं बांधली. जसा काही पाहुणचार आम्ही कधी केलाच नव्हता!

सगळ्यांत जास्त मी जळलो तो तिथं मातीऐवजी अंथरलेल्या त्या निळ्या मॅटवर. तिला ना माती, ना पाणी, ना चोपणं. प्राप्ती आत जाण्याआधी वाकली, तिनं मॅटला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. तो नमस्कार आमच्या मातीचा होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

संघाला पदक मिळालं आणि गाव वेडं झालं. दादू आता मंडळाचा अध्यक्ष होता. त्यानं ठरवलं, की प्राप्तीच्या स्वागताला मॅटवरच सामने भरवायचे आणि पुढे मैदानात सिमेंट ओतायचं. तो घरी सांगायला आला तेव्हा त्याची नजर माझ्यावर पडली. "काकी, आता चोपनं कशाला ठेवलंस? बंबात घाल," तो म्हणाला. नीराबाई चहा ठेवायला चुलीकडे वळली. तिला चुलीकडे जाताना पाहून माझा धीर सुटला.

पुढचं मी नंतर बायांच्या तोंडून ऐकलं. पाऊस नुकताच थांबला होता. मैदान भुसभुशीत होतं, आणि त्यावर यांनी तशीच मॅट अंथरली. जन्मभर मिठागर चोपणारी माणसं, पण निळा रंग पाहून तेवढंच विसरली. प्राप्ती आली, हार गळ्यात घेऊन मॅटवर चढली आणि तिचा पाय खचला. थोडक्यात घोटा वाचला. तिनं मॅटचा कोपरा उचलून खाली पाहिलं.

"आये, चोपलं न्हाय?"

नीराबाई तडक घरी आली आणि तिनं मला टेबलाखालून ओढलं. टीव्ही एका बाजूला कलंडला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

मॅट गुंडाळली गेली. पाहुण्या संघांना थांबवून ठेवलं आणि बाया ओळीनं चोपायला बसल्या. प्राप्तीही हार काढून बसली. दोन घाव ती घाली, दोन नीराबाई. ऊन कलेपर्यंत जमीन बसली, आणि मग त्या घट्ट जमिनीवर पुन्हा तीच मॅट पसरली. माझं सगळं काम झाकून गेलं. जळफळाट झाला, तो आजही होतो.

दादूनं पहिल्या चढाईसाठी प्राप्तीचं नाव पुकारलं. ती जागची हलली नाही.

"चोपलं आयेनं. पयली चढाई तिची," ती म्हणाली.

दादू स्वतःच समोरच्या बाजूला बचावाला उभा राहिला. नीराबाईनं मला लेकीच्या हातात दिलं. पदर खोचला, रेषेशी आली आणि या वेळी परत फिरली नाही. दम तिचा अर्ध्यातच तुटत आला होता, पण पुढे झुकून तिनं दादूला शिवलं आणि चिखलाच्या पावलांनी ती रेषेवर परतली. निळ्या मॅटवर तिच्या पावलांचे ठसे उमटले होते. आमच्या मातीचे.

मित्रांनो, मोठाल्या शहरांतले खेळ जरूर पाहा, टाळ्याही वाजवा. फक्त खालची जमीन कुणी चोपली, एवढं विचारत जा. सिमेंटचं अजून काही ठरलेलं नाही. नीराबाईचा टीव्ही मात्र वाकडाच आहे. त्याखाली मला घालू देत नाही ती कुणाला.