कोरे पॅड

तळवलीच्या नाक्यावर धम्मपाल साळव्याचं गॅरेज आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात ब्रेकच्या कामात आपला हात धरणारा कुणी नाही, असं निदान तो स्वतः तरी गेली अठरा वर्षं मानत आला होता, आणि तसं मानायला फारशी हरकतही नव्हती. क्लच, एसी, डेंटिंग यासाठी त्याला कुणी विचारत नसे. पण पेडलवर एकदा पाय ठेवला की तो सांगायचा, मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक अडकतोय, आणि चाक काढल्यावर तोच अडकलेला निघायचा. वाशी-कामोठ्यापासून लोक गाड्या घेऊन यायचे ते या पायासाठी.

अशा माणसाला एक दुखणं जडलं. त्या दुखण्याचं नाव क्रांती.

क्रांती खरं तर त्याचीच म्हणायची. मागच्या गल्लीतली पोर, डिप्लोमा करून आली आणि मला काम शिकवा म्हणाली, तेव्हा नाक्यावरच्या झाडून सगळ्यांनी नाकं मुरडली होती. धम्मपालने तिच्या हातात पाना दिला. पाच वर्षं तिने त्याच्याकडे काढली. दोन वर्षांपूर्वी पवण्याला रेसच्या गाड्यांच्या एका वर्कशॉपमध्ये तिला नोकरी लागली, ती पेढे घेऊन आली, त्याने चारचौघांत तिची पाठ थोपटली. अगदी मनापासून थोपटली, त्यात खोट नव्हती. आपली पोरगी पुढे गेली, यात कौतुक होतं. ती आपल्या गिऱ्हाइकापर्यंत पोचली, तिथे बिनसलं.

गिऱ्हाईक म्हणजे वरद. वाशीला राहणारा, पस्तिशीचा, सॉफ्टवेअरची स्वतःची कंपनी असलेला, आणि दोन सीटच्या निळ्या स्पोर्ट्‌स कारवर बायकोपेक्षा जास्त जीव असलेला माणूस. वर्षातून दोन-तीनदा ही गाडी ट्रेलरवर घालून तो दक्षिणेत ट्रॅकवर न्यायचा आणि दिवसभर गोल गोल पळवायचा. आठ वर्षं या गाडीच्या ब्रेकला धम्मपालशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. मागच्या खेपेला मात्र वरद क्रांतीला सोबत घेऊन गेला, आणि आल्यापासून त्याच्या दर तिसऱ्या वाक्यात 'क्रांती म्हणते' येऊ लागलं. क्रांती म्हणते, शेवटच्या लॅप्सना ब्रेक उतरले. क्रांती म्हणते, पॅडचा दर्जाच बदलायला हवा. क्रांतीने म्हणे पॅड ज्या लोखंडी तबकडीला दाबतात त्या डिस्कच्या कडेला रंगाचे तीन पट्टेही ओढले होते, किती तापते ते कळायला. धम्मपाल मान डोलवायचा आणि त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आता पुढच्या शनिवारी पुन्हा ट्रॅक होता आणि पॅड निवडायचे होते. धम्मपालच्या मते रस्त्यावरचेच, पण वरच्या प्रतीचे पॅड पुरेसे होते. गार असताना पहिल्या दाबाला धरतात, आवाज करत नाहीत, डिस्क खात नाहीत. क्रांतीने सुचवले ते खास ट्रॅकचे. ते गार असताना लाकडासारखे लागतात, किंचाळतात, पण खूप तापले तरी सोडत नाहीत. रस्त्याचे पॅड फार तापले की माणूस पेडलवर उभा राहिला तरी गाडी थांबत नाही, आणि हे कळतं ते नेमकं लांब सरळ रस्त्याच्या टोकाला, वळण समोर आल्यावर. वरदने दोन्ही सेट आणून धम्मपालच्या टेबलावर ठेवले. दोन्ही बसवून बघा, म्हणाला, आणि दादा, तुम्हीच काय ते सांगा.

म्हणजे स्वतःच्याच भांडणात न्यायाधीश. कुणीही शहाणा माणूस नको म्हणाला असता. धम्मपाल हो म्हणाला.

त्याच्या गॅरेजचा एक दंडक होता, भिंतीवर ऑइलपेंटने लिहिलेला: बेडिंगशिवाय गाडी देणार नाही. नवा पॅड बसवला की तो डिस्कशी रुळावा लागतो. साठच्या वेगावरून दहावर, पुन्हा साठ, पुन्हा दहा, असं दहाबारा वेळा, मग गार होऊ द्यायचं. त्याशिवाय कोणताही पॅड नीट धरत नाही, चांगला असो की वाईट. बाकीचे गॅरेजवाले गिऱ्हाइकालाच सांगतात, चालवता चालवता होईल. धम्मपाल स्वतः जाऊन करायचा. क्रांतीला त्याने पहिल्या आठवड्यात शिकवलं ते हेच.

स्वतःच्या पॅडचं बेडिंग त्याने शुक्रवारी आणि शनिवारी असं दोनदा केलं. रविवारी सकाळी एमआयडीसीच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर वरदला शेजारी बसवून ब्रेक मारला, तेव्हा गाडी जागच्या जागी उभी राहिली. मग तिथेच कडेला जॅक लावून त्याने क्रांतीचे पॅड चढवले. डब्यातून काढलेले, कोरे. वरदला यातलं काही कळत नव्हतं, त्याचा विश्वास होता. त्याच वेगाला, त्याच खुणेपाशी धम्मपालने ब्रेक दाबला आणि गाडी किंचाळत खुणेच्या कितीतरी पुढे गेली. वरदचा चेहरा पांढरा पडला. धम्मपाल एवढंच म्हणाला की मला काही बोलायचं नाही, तुमच्या डोळ्यांसमोर आहे. खूप दिवसांनी त्याला भूक लागल्यासारखं वाटलं. घरी येऊन तो चार चपात्या जेवला.

संध्याकाळी क्रांतीचा फोन आला. वरदने तिला सांगितलं असणार. ती भांडली नाही, एकच गोष्ट विचारली.

"दादा, बेडिंग केलं होतं ना?"

"म्हणजे काय," धम्मपाल म्हणाला. "तू मला विचारतेस?"

ती सॉरी म्हणाली आणि तिने फोन ठेवला. तिचे पॅड डब्यात घालून त्याने वरदला परत केले होते, ते आता तिच्याकडे जाणार होते. गाडीत त्याचे पॅड. विषय संपला.

संपला असता, पण बुधवारी ब्रेक ऑइल बदलायला त्याने चाकं काढली. क्रांतीचे ते रंगाचे पट्टे त्याने तोवर पाहिलेच नव्हते, म्हणजे पाहायचेच नाहीत असं ठरवलं होतं. आता ते नाकासमोर होते. हिरवा पट्टा पार पांढरा झालेला. केशरी पिवळा पडलेला. आणि तिसरा, लाल, तोही कडेने उडालेला. कोणता रंग किती तापाला उडतो त्याचा तक्ता तिने पॅडच्या डब्याला चिकटवला होता आणि त्याच्या टेबलावर तो दोन दिवस पडून होता. लाल उडतो सहाशे अंशांच्या वर. त्याचे पॅड साडेचारशेच्या पुढे टिकणारे नव्हते. चार लॅप, फार तर पाच. सहाव्याला वरद पेडलवर उभा राहील.

वरद काही एवढा जोरात चालवत नाही, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. पट्टे समोर होते, ते ऐकेनात.

दुपारी जेवायला गेला तर घास उतरेना. दीक्षा, त्याची बायको, मूळची परभणीकडची, तिला आडवळणाने बोलता येत नाही. तिने विचारलं, याने टाळलं, तिने पुन्हा विचारलं. शेवटी त्याने सगळं सांगितलं.

"पोरीवर जळता तुमी," ती म्हणाली. "जळा. पन त्या मानसाला कशापायी मारता?"

त्याने ताट सरकवलं आणि स्कूटर काढली. वाशीला पोचेपर्यंत त्याने तोंडपाठ करून ठेवलं होतं: मी पुन्हा विचार केला, हवा गरम आहे, तुमचा वेग वाढलाय, तेव्हा ते ट्रॅकचेच घालू. चूक कबूल न करता काम होणार होतं. नावही राहणार होतं आणि माणूसही.

वरद घरी होता. धम्मपालने तोंड उघडायच्या आत त्यानेच बोलायला सुरुवात केली. बरं झालं आलात दादा, मी फोन करणारच होतो. काल क्रांती आली होती. डबा उघडून तिने पॅड पाहिले आणि म्हणाली, चूक तिचीच आहे. बेडिंग ट्रॅकवर करू, तुम्ही नुसते बसवा, असं तिनेच तुम्हाला सांगितलं होतं म्हणे. त्यामुळे रविवारच्या टेस्टला काही अर्थ नाही. तुम्ही तिला सांभाळून घेतलंत, माझ्यासमोर तिचं नाव नाही काढलंत, असंही म्हणाली. हे घ्या, डबा ठेवून गेलीये. नीट बेडिंग करून हेच बसवा.

धम्मपालच्या हातात डबा आला. त्याने आणलेल्या खोट्यापेक्षा हे खोटं किती तरी चांगलं होतं. नुसती मान हलवायची होती. पॅड बदलले जाणार, वरद सुखरूप येणार, आणि वर धम्मपाल मोठ्या मनाचा ठरणार.

पण ते तिने दिलेलं होतं. तिने पॅड पाहिले, ते कोरे आहेत हे तिला एका नजरेत कळलं, दादा आपल्याशी खोटं बोलला हेही कळलं, आणि तिने त्याची लाज झाकली. कालची पोर. ब्रेकमध्ये पुढे गेली ती गेली, आता यातही पुढे? त्याची मान हलेचना. पुढे जे त्याच्या तोंडून निघालं त्याला कुणी प्रामाणिकपणा म्हणेल. खरं सांगायचं तर त्याला तिचे उपकार नको होते.

"ती खोटं बोलली," तो म्हणाला. "तिने असं काही सांगितलं नव्हतं. उलट मला विचारलं, बेडिंग केलं का, आणि मी हो म्हणालो. केलं नव्हतं. मुद्दाम नव्हतं केलं."

वरदला आधी ते समजलंच नाही. मग समजलं.

"का?"

"तुम्ही सारखं क्रांती म्हणते, क्रांती म्हणते करता, म्हणून."

वरद खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. आठ वर्षं मी डोळे मिटून ब्रेक मारलाय दादा, एवढंच तो हळू आवाजात म्हणाला, आणि डबा परत मागितला. गाडी उद्या सकाळी पवण्याला पाठवा, म्हणाला. पाणी विचारायचं तो विसरला.

खाली पार्किंगमध्ये येऊन धम्मपालने क्रांतीला फोन लावला. गाडी उद्या येईल, तूच बसव, आणि वरदला मी सगळं सांगितलंय, हे तो एका दमात बोलून गेला. पलीकडे मशीनची घरघर चालू होती, ती तिने बंद केली.

"कशाला सांगितलं दादा," ती म्हणाली. "मी मिटवलं होतं ना."

"मग काय तुझ्या मेहरबानीवर राहू?"

"मेहरबानी कसली? इथे नवीन माणूस आला ना, की मला विचारतो, ब्रेकचं काम कुठे शिकलीस. मी तुमचं नाव सांगते. दोन वर्षं झाली, रोज सांगते. ते नाव खराब व्हायला नको होतं मला. आता वरद सर इथे येऊन बोलतील. मग कुणी विचारलं तर मी काय सांगू?"