पुनमच्या रक्ताची दुसरी तपासणी

मी एक जुने रक्त फिरवणारे यंत्र आहे. मला सेंट्रिफ्यूज म्हणतात. नळीतले रक्त मी गरगर फिरवले की पिवळसर पाणी वर येते, आणि तपासणी त्या पाण्याची होते.

मित्रांनो, भूकंपाच्या साली मी किल्लारीकडच्या तंबूतल्या दवाखान्यात होते. "लई गुणाचं यंत्र हाय," असे लोक म्हणत. तंबू उठले, तेव्हा लातूरच्या डॉक्टर मन्मथअप्पांनी मला विकत घेतले. त्यांच्या गल्लीत शिकवणी वर्गांच्या पाट्या वाढत गेल्या आणि पोरांच्या सायकली थेट आमच्या पायरीला टेकू लागल्या.

तिथल्याच एका वर्गात शिकवणारे सुदर्शन सर पिवळे डोळे घेऊन आले. त्यांच्या रक्तात हिपॅटायटिस बी हा यकृताचा विषाणू निघाला.

"सर, हा नवराबायकोच्या संबंधातूनही लागतो," डॉक्टर म्हणाले. "बायकोला लगेच आणा. तोवर जपून राहा."

"हाव," म्हणून सर मुखेडला घरी गेले. तिथे त्यांच्या आईने, धोंडाबाईंनी, त्यांच्या डोक्यावर काविळीची माळ ठेवली. ती वाढून गळ्यात उतरली की कावीळ उतरली, असे मानतात. सरांनी तपासणीचे नावही काढले नाही.

डॉक्टरांनी दोनदा निरोप धाडला, तेव्हा कुठे ते बायकोला, पुनमला, घेऊन आले. मागून धोंडाबाईही होत्या.

"मला शुगर बघायला आणलंय," पुनम म्हणाली.

डॉक्टरांनी सरांकडे पाहिले. "तुम्हीच सांगा आता."

सरांनी फरशीकडे बघत सांगितले. पुनम त्यांच्याकडे वळली. मग म्हणाली, "मी दर खेपेला तुमची माळ किती उतरली ते बघून राहिले होते. अन् तुम्हाला सगळं ठाऊक होतं! परवा घरी आलात, तवा बी?"

सरांनी होकारार्थी मान हलवली. त्या दिवशी पुनमचे रक्त फिरवताना मला माझाच आवाज नकोसा वाटला.

तिचे रक्त स्वच्छ निघाले. "सुटलो बाई!" धोंडाबाई उठल्या. "चल, यष्टी जाईल."

"बसा मावशी," डॉक्टर म्हणाले. "विषाणू अंगात शिरला तरी काही आठवडे तपासणीत दिसत नाही. परवाचाच संबंध आहे, म्हणून आजच लस आणि सोबत संरक्षणाचं दुसरं इंजेक्शन देऊ. लसीचे पुढचे डोस चुकवायचे नाहीत. तोवर निरोध वापरायचा. सहा महिन्यांनी पुन्हा रक्त. आणि सर, तुमचं यकृतही तपासत राहावं लागेल."

"दुसऱ्यांदा कशाला? लोक काय म्हणतील?" धोंडाबाई पुटपुटल्या.

"लोकांच्या अंगात न्हाई शिरत ते, आत्याबाई," पुनम म्हणाली आणि तिने बाही वर केली.

ती प्रत्येक डोसला आली, एकटी. सहा महिन्यांनी तिचे रक्त पुन्हा माझ्यात फिरले. आजार नव्हता आणि लसीचे बळ अंगात आले होते. दाराशी उभे असलेले सर हसले. "झालं ना आता? चल घरी."

"रक्त तपासून झालं," पुनम म्हणाली. "तुमचं बोलणं कुठं तपासू?"

ती माहेरच्या, लोह्याच्या गाडीत बसली.

आता मी फडक्याखाली कोपऱ्यात पडून असते. मित्रांनो, आजार लागला तर लाज बाळगू नका. पण ज्याला तो आपल्यामुळे लागू शकतो, त्याला त्याच दिवशी सांगा. रक्तातले पाणी मी वेगळे करू शकते, खरेखोटे नाही.