खुर्ची गेलेली सळई

मी एक सळई बोलतेय. त्या भिंतीतून वाकून बाहेर लोंबतेय ना, तीच. गंजले म्हणून नाक मुरडू नका. एका संसाराची गॅलरी मी वर्षानुवर्षं तोलून धरली होती.

भट्टीतून तावून निघून मी बांधकामावर आले, तेव्हा माझा तोरा काही औरच होता. घराच्या छतात सळई तळाशी असते. गॅलरीला मात्र एकाच बाजूने भिंतीचा आधार, म्हणून तिथे आमची जागा वरच्या अंगाला. आम्ही खाली दबू नये म्हणून वाकवलेल्या सळयांचे आधार लावतात. त्यांना 'खुर्ची' म्हणतात. खुर्ची गेली की काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

ओतकामाच्या दिवशी सकाळी इंजिनियर साहेब आले, टेप लावून पाहिलं, "झकास!" म्हणाले आणि चहाला गेले. मग काँक्रीटची घमेली आली आणि घमेल्यांमागून पाय. खुर्च्या लवंडल्या. मी तळाशी गेले.

"सळया दबल्या वाटतं," कुणीतरी म्हणालं.

"साहेबांनी बघितल्यात की!" मुकादम खेकसला. "किती वेळा बघायच्या? लग्नाची मुलगी आहे का?"

सगळे हसले. त्या हसण्यावरच काँक्रीट पडलं.

पुढे तिथे एक जोडपं राहायला आलं. काकूंनी गॅलरीत कुंड्या मांडल्या, कपड्यांची दोरी बांधली. काकांची खुर्ची तिथेच असे. तिच्यात बसून ते जगाच्या चुका काढत.

काही वर्षांनी उंबऱ्याशी केसाएवढी चीर पडली. तिच्यातून पाणी माझ्यापर्यंत झिरपलं. मी गंजून फुगू लागले. काका दरवर्षी चिरेत पांढरं सिमेंट भरत आणि वर रंग मारत. आमच्याकडे सगळ्या आजारांवर रंग हेच औषध.

"अहो, भरलेली चीर पुन्हा आलीय. कुणाला तरी दाखवा."

"वय झालं की सुरकुत्या पडतातच. तुला नाही का पडल्या?"

"माझ्यावर घसरू नका. स्वतःची साखर दर महिन्याला तपासता, हिची कधी तपासणार?"

"ती कुठे आजारी आहे?"

मी आतून ओरडत होते. पण सळईचं ओरडणं म्हणजे चीर, आणि ती तर ते बुजवून टाकत.

एका सकाळी काकू काकांचा सदरा वाळत घालायला आल्या. टाचा उंचावून त्यांनी दोरीला हात लावला. मी धरून ठेवायला बघितलं हो, अगदी जिवाच्या आकांताने. पण तळाला पडलेली सळई धरणार कशाने?

गॅलरी कोसळली, तिच्यासोबत काकू गेल्या. दोरीचं एक टोक अजून भिंतीच्या खिळ्याला आहे.

आता गॅलरीच्या दाराला आतून आडव्या फळ्या ठोकल्यात. इमारतीत दर सहा महिन्यांनी तपासनीस येतो, हातोडीने टकटक करत प्रत्येक गॅलरी ऐकतो. नव्या बांधकामांवर त्याच्या हाताखालची माणसं काँक्रीट ओतण्याआधी सळया पाहतात, ओतताना तिथून हलत नाहीत. हे ऐकून मला बरं वाटतं, आणि रडूही येतं.

परवा तो जिन्यात दिसताच काका लगबगीने दारात आले.

"अहो साहेब, आमचीही बघून घ्या."

तपासनिसाने फळ्यांकडे पाहिलं. आत आला, गुडघ्यावर बसला आणि उंबऱ्यावर हातोडीने हळूच टकटक केली.

"वेळेवर आलात," काका म्हणाले. "ही कधीची मागे लागली होती."