जाहिरातीवरचं बोट

तानाजीने खिळ्यावरचा मोठा पाइप पाना काढून मोटारसायकलच्या पिशवीत घातला, तशी क्रांती लॅपटॉपसमोरून ताडकन उठली.

"आवं, पाना कशाला? आज काम कुठं हाय?"

"काम न्हाई म्हनूनच चाललोय. वीरधवलला इचारतो, लय बोटं खाजत्यात का तुजी."

"जरा थांबा. कोन दाबतंय ते तरी बघू."

मलकापुरात त्यांचं बोअरची मोटर काढायचं-सोडायचं दुकान. सैन्यातून हवालदार म्हणून सुटून आल्यावर तानाजीने ते वीरधवलच्या भागीत काढलं. पुढे भागी तुटली, वीरधवलने रस्त्यापलीकडे स्वतःचं थाटलं आणि दोघांचं बोलणंही बंद झालं. दुकानाची वेबसाइट क्रांतीने केली होती, तीही कोड कशाशी खातात हे माहीत नसताना. चौकटी ओढून बसवायच्या, वर नवऱ्याचा वर्दीतला फोटो लावायचा, झालं.

फोनवर कोणी बोअर मोटरवाला शोधला की तानाजीची जाहिरात सर्वांत वर दिसे. पण तिच्यावर बोट पडलं की दर वेळी पैसे कापले जात, आणि अलीकडे दिवसभराचे पैसे सकाळच्या चहाआधीच उडून जात होते. मग जाहिरात गायब, आणि गिऱ्हाईक सरळ वीरधवलकडे. संशय घ्यायला आणखी काय हवं? तानाजीचा राग क्रांतीला चांगला ठाऊक होता. एकदा हात उचलला की वीरधवलचं डोकं फुटणार आणि वर्दीत मिळवलेलं नाव पोलीस ठाण्यात जाणार, या भीतीने तिला घास गिळवत नव्हता.

शेवटी तिला एक कोडचा तुकडा मिळाला. एकच फोन पुन्हा पुन्हा जाहिरात दाबतोय हे ओळखून तो त्या फोनला जाहिरात दाखवणंच बंद करत असे. काल तिने तो घाईत भलत्याच चौकटीत चिकटवला आणि तानाजीच्या फोटोखाली कंस-चिन्हांचं रान माजलं. जतच्या एका गिऱ्हाइकाने फोन करून विचारलं, "वैनी, हे काय लिवलंय? आमची कानडी तर न्हाई ही." ते पुसून तिने कोड ठरलेल्या जागी घातला होता.

आता पडद्यावर ओळी उमटायला लागल्या. फोन एकच, पुन्हा तोच, पुन्हा तोच. समोर आपोआप अक्षरं आली, 'बंद'.

"घावला!" तानाजी वाकला. "गाव कंचं?"

"शिराळा."

"शिराळ्यात वीरधवलचं कोन हाय?"

क्रांतीने फोनची कंपनी आणि मॉडेल वाचलं. सैन्याच्या कँटीनमधून तानाजीनेच आणलेला फोन. तिने लॅपटॉप तानाजीकडे वळवला.

"त्येचं कोन न्हाई. आपलं हाय."

तानाजी मटकन स्टुलावर बसला. ऊस सोडून बोअरचे पाइप ओढत हिंडतो म्हणून वडील, आकारामआबा, त्याच्याशी धड बोलत नसत. नागपंचमीला गावी, शिराळ्याला, गेल्यावर त्यानेच हौसेने त्यांना शिकवलं होतं, फोनला काय सांगायचं आणि कुठं दाबायचं. लेकाचा फोटो बघून म्हातारा पहिल्यांदा हसला होता.

तेवढ्यात त्यांचाच फोन आला.

"तानाजी, दुकान बंद केलंस का रं?"

"न्हाई आबा. का?"

"तुजा फोटूच येईना. रोज उठलो की फोनला सांगतो, बोअर मोटरवाला दाव. पारावर हरेकाला दाबून दावतो. लोकांनी बघितलं म्हंजी धंदा वाढतोय न्हवं? आज मेलं वीरधवलचंच नाव येतंय."

"मग त्ये दाबलं का?"

"छ्या! परक्याचं कशाला दाबू?"

बंदी उठवायला एक बटण पुरे होतं. क्रांतीचं बोट तिथं गेलं, तिने नवऱ्याकडे पाहिलं. तानाजीने हळूच मान हलवली. नाही.

"दुकान चालू हाय, आबा. तुमचा फोन जुना झाला, त्येला दिसत नसंल."

"व्हय. माज्या डोळ्यांवानी." मग जरा थांबून, "ह्यो टुकटुक आवाज कसला रं?"

"दुसरा फोन येतोय."

"गिऱ्हाईक? मग घे की! आदी त्येचा घे. माजं काय, मी रिकामाच हाय." आणि आबांनी लगबगीने फोन ठेवला.

जतकडचा शेतकरी होता. मोटर बोअरात अडकलेली, मेंढरं तहानलेली. "निघालोच," तानाजी म्हणाला. त्याने डोळे बाहीला पुसले आणि मोटारसायकल काढली. पाना घ्यायला वळावं लागलं नाही, तो पिशवीत होताच.

क्रांती पडद्यासमोर बसून राहिली. जाहिरातीचे दिवसाचे पैसे अजून शाबूत होते. शिराळ्याच्या ओळीत 'बंद' एवढंच होतं.